एकशे चोपन्नावा

मंडळी, अमेरिकन फुटबॉलमधला कॉर्नरबॅक कसा पारखायचा, हा आजचा विषय जाहीर झाल्यापासून मला तीन फोन आले. एका काकूंनी विचारलं, कॉर्नरबॅक म्हणजे क्रेडिट कार्डावरचं कॅशबॅक असतं तसलं काही का? दुसरा फोन एका काकांचा: मंडळाच्या व्याख्यानांत ज्ञानेश्वरीपासून शेअर बाजारापर्यंत सगळं झालं, आता हे कुठून काढलंत? तिसऱ्या फोनवर कार्यकारिणीतल्या वहिनी होत्या, मुलांना आणलं तर चालेल का म्हणून. मी म्हटलं, आणाच. मी कुठे चुकलो तर तीच सांगतील. समोर दोघं-तिघं सीहॉक्सची, म्हणजे आपल्या सिॲटलच्या संघाची, जर्सी घालून बसलेली दिसतायत, म्हणजे परीक्षक हजर आहेत.

मी या खेळातला तज्ज्ञ नाही. सिॲटलच्या परिसरात येऊन मला वीस-बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली पाच वर्षं या खेळावर मी खूश होतो ते एवढ्यासाठीच, की रविवारी सामना असला की दुकानात गर्दी नसते. नोकरीत मात्र माझ्याकडे गेली कित्येक वर्षं एक काम आहे, मुलाखती घेण्याचं. समोर बसलेला मुलगा किंवा मुलगी पुढची पाच वर्षं कसं काम करेल, हे पाऊण तासात सांगायचं. त्यात मी कितीदा तोंडावर पडलो, त्याची यादी माझ्याकडे आहे. ती आज वाचणार नाही. पण त्या यादीमुळेच २०११ सालची एक निवड माझ्या डोक्यातून जात नाही. दरवर्षी व्यावसायिक संघ कॉलेजमधल्या मुलांना पाळीपाळीनं एकेक करून निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षीच्या ड्राफ्टमधला १५४ वा खेळाडू, रिचर्ड शर्मन.

आधी खेळाचं थोडं. कबड्डीत डावा कोपरा, उजवा कोपरा असतो ना, तसे अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या दोन टोकांना दोन कॉर्नरबॅक उभे असतात. यांच्या समोर येतो रिसीव्हर. तो पळत जाणार, क्वार्टरबॅक लांबून त्याच्याकडे चेंडू फेकणार, आणि कॉर्नरबॅकनं तो चेंडू त्याच्या हाती लागू द्यायचा नाही. ऐकायला सोपं आहे. गोम अशी की कुठे पळायचं हे रिसीव्हरला ठाऊक असतं आणि कॉर्नरला नसतं. रिसीव्हर तोंड पुढे करून पळतो, कॉर्नर पुष्कळदा उलट्या पावलांनी. पळता पळता रिसीव्हर अचानक वळला, की यानं कंबर फिरवायची, वेग न सोडता त्याच्या मागे लागायचं आणि योग्य क्षणी मान वळवून हवेतला चेंडू शोधायचा. चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात जेमतेम अडीच-तीन सेकंद असतो, आणि हे सगळं तेवढ्यात. त्यात चुकला तर चूक लपत नाही. बाकीच्या खेळाडूंच्या चुका ढिगाऱ्याखाली झाकल्या जातात. कॉर्नरची चूक अख्ख्या स्टेडियमला दिसते, कारण त्याच्या मागे बहुधा मोकळं मैदान असतं.

आणि नीट काम केलं तर? तर काहीच दिसत नाही. पारख करणाऱ्याची पहिली अडचण इथे सुरू होते. फलंदाजानं धावा काढल्या की त्या फलकावर लागतात. चांगल्या कॉर्नरकडे क्वार्टरबॅक चेंडू फेकतच नाही. तो पाहतो, तिकडे जागा नाही, आणि दुसरीकडे फेकतो. मग आकडेवारीत या कॉर्नरच्या नावापुढे काय येणार? शून्य. आणि ज्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही अशा सुमार कॉर्नरपुढेही काय येणार? शून्यच. चेंडू मधेच पकडण्याला इंटरसेप्शन म्हणतात. तो आकडा लोक फार मोठ्यानं सांगतात, पण तो एका वर्षी आठ आणि पुढच्या वर्षी दोन असा वाऱ्यासारखा बदलतो. सहा इंटरसेप्शन करणारा कॉर्नर उत्तम असेल, किंवा त्याला वारंवार चकवता येतं म्हणून सगळे त्याच्याकडेच चेंडू फेकत असतील आणि त्यातले सहा याच्या हाती लागले असतील. एकच आकडा आणि त्याचे दोन उलटे अर्थ. म्हणून सामन्यांचं चित्रण बघत बसावं लागतं. तेही टीव्हीवरचं नव्हे, कारण टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे असतो आणि हा गडी चौकटीच्या बाहेर. उंचावरून बावीसच्या बावीस जण दिसतील असं चित्रण लागतं.

दुसरी अडचण नियमांची आहे. ती मला स्वतःला कळायला फार वर्षं लागली. कॉलेजचं फुटबॉल आणि व्यावसायिक फुटबॉल बाहेरून सारखंच दिसतं. मैदान दोन्हीकडे १६० फूट रुंद. पण मैदानावर आखलेल्या ज्या दोन खुणांच्या दरम्यानच्या पट्ट्यातून प्रत्येक खेळी सुरू होते, त्या कॉलेजमध्ये एकमेकींपासून ४० फुटांवर असतात आणि व्यावसायिक लीगमध्ये साडेअठरा फुटांवर. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू एका बाजूच्या खुणेवर असला की जवळच्या सीमारेषेपर्यंत ६० फूट आणि लांबच्या रेषेपर्यंत १००. त्या अरुंद बाजूला उभा राहणारा मुलगा चार वर्षं अर्ध्या खोलीत नाचल्यासारखा खेळतो. व्यावसायिक मैदानात खेळी जवळजवळ मधूनच सुरू होते, आणि याची खोली एकदम मोठी होते.

हात लावण्याचे नियमही वेगळे. व्यावसायिक लीगमध्ये पहिल्या पाच यार्डांत रिसीव्हरला ढकला, अडवा, हरकत नाही. त्यापुढे हात लावला की दंड. कॉलेजमध्ये चेंडू हवेत सुटेपर्यंत बरीच मुभा असते. मग एखाद्या मुलानं रिसीव्हरच्या अंगावर हात ठेवूनच वीस यार्ड पळायची सवय लावून घेतली असेल, तर कॉलेजच्या चित्रणात तो मोठा चिवट बचावपटू वाटेल, आणि इथे आल्यावर दर दुसऱ्या खेळीला पंचांचा पिवळा रुमाल पडेल. शिवाय चेंडू येत असताना अडथळा आणला, तर कॉलेजमध्ये जास्तीत जास्त १५ यार्डांची शिक्षा. व्यावसायिक लीगमध्ये जिथे चूक झाली तिथे चेंडू नेऊन ठेवतात, मग ते अंतर ४० यार्ड का असेना. तिथली पंधरा यार्डांची चूक इथे सामना घालवते.

म्हणून संघ करतात काय, तर मोजमाप. दरवर्षी फेब्रुवारीच्या शेवटी-शेवटी इंडियानापोलिसला तीनशेच्या वर मुलांना बोलावतात. त्याला कंबाइन म्हणतात. हे म्हणजे आपल्याकडचे कांदेपोहे. उंची किती, वजन किती, चालून दाखव, पळून दाखव, घरी कोण कोण असतं. फक्त इथे पोहे पाहुण्यांना मिळत नाहीत. तिथे ४० यार्ड पळायचं असतं, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, आणि सेकंदाच्या शंभराव्या हिश्शांवर लोकांची नशिबं ठरतात. हातसुद्धा मोजतात, खांद्यापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हात मोजतात हे ऐकून आमच्या सासूबाई फार हसल्या होत्या. त्यांना म्हटलं थांबा, पुढे या हातांवरच गोष्ट येणार आहे.

तर आता एप्रिल २०११ ची एक फाइल डोळ्यांसमोर आणा. मुलगा कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा, वय २३. शाळेत अभ्यासात दुसरा आलेला, स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठात शिकलेला. उंची जवळजवळ ६ फूट ३ इंच, कॉर्नरच्या जागेसाठी फारच जास्त. हात ३२ इंच. उभ्या जागेवरून उडी ३८ इंच, चांगली. ४० यार्डांना साडेचार सेकंदांच्या किंचित वर, म्हणजे कॉर्नरसाठी मध्यमच. आणि खाली तांबड्या शाईनं अधोरेखित करण्यासारखी ओळ: हा मुळात कॉर्नर नाहीच. २००६ पासून तो रिसीव्हर होता, पहिल्याच वर्षी संघात सर्वांत जास्त यार्ड कमावणारा. २००८ मध्ये गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बचावात आला. कॉर्नर म्हणून अनुभव फक्त दोन मोसम, २००९ आणि २०१०. दोन्ही मिळून इंटरसेप्शन ६.

त्या वेळच्या मूल्यमापनांचा सूर काय होता? लांब आहे, दांडगा आहे, चेंडूवर हात चांगला आहे. पण कच्चा आहे, कमरेत ताठ आहे, वळताना वेळ लागतो, वेगवान रिसीव्हरच्या मागे राहील, आणि धरतो फार. आता सांगतो, या शेऱ्यांना हसायची आपल्याकडे फॅशन आहे. पुढे तो मोठा झाला, मग आधीचे सगळे मूर्ख. मला हे पटत नाही. ती चित्रणं आज पाहिली तरी त्यातली एकही ओळ खोटी वाटत नाही. उंच माणूस वळायला वेळ घेतोच. शर्मन धरायचा, आणि पुढे व्यावसायिक लीगमध्येही धरायचा. २०१४ च्या मोसमात लीगनं पाच यार्डांपुढचा स्पर्श कडकपणे बघायला सुरुवात केली, ती आपल्यामुळेच, असं इथले लोक अजून जरा अभिमानानंच म्हणतात.

त्याच वर्षी, त्याच ड्राफ्टमध्ये डिमार्कस व्हॅन डाइक नावाचा मायामी विद्यापीठाचा कॉर्नर होता. त्यानं ४० यार्ड ४.२८ सेकंदांत कापले. शर्मनपेक्षा पाव सेकंदाहून जास्त जलद, म्हणजे शर्यतीत दोन-अडीच मीटर पुढे. ओकलंड रेडर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत, ८१ व्या क्रमांकावर घेतलं. रेडर्सचे मालक अल डेव्हिस यांना वेगाचं वेड होतं, आणि तो त्यांचा शेवटचा ड्राफ्ट ठरला. त्याच ऑक्टोबरात ते गेले. व्हॅन डाइकला पुढच्या मोसमाच्या तोंडावर रेडर्सनी सोडलं आणि त्याची कारकीर्द काही बहरली नाही. त्या ड्राफ्टमध्ये कॉर्नरांत पहिला गेला तो पॅट्रिक पीटरसन, पाचव्या क्रमांकावर, आणि तो खरोखर उत्तम निघाला. म्हणजे वर निवडलेले सगळे फसले, असा सोयीचा निष्कर्षही काढता येत नाही.

मग सिॲटलनं या फाइलमध्ये वेगळं काय पाहिलं? माझं मत असं की त्यांनी वेगळं काही पाहिलंच नाही. तीच फाइल पाहिली, पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. बाकीचे विचारत होते, हा कॉर्नर किती चांगला? प्रशिक्षक पीट कॅरोल आणि व्यवस्थापक जॉन श्नायडर विचारत होते, आपण याला जे एक काम देणार आहोत, ते हा करील का?

ते काम काय होतं, इथे जरा थांबू या, कारण सगळी गंमत इथेच आहे. सिॲटलच्या बचावात मैदानाचा मागचा भाग तीन उभ्या पट्ट्यांत वाटलेला असायचा. दोन कडांचे पट्टे दोन कॉर्नरांकडे, मधला पट्टा अर्ल थॉमसकडे. हा थॉमस २०१० साली १४ व्या क्रमांकावर घेतलेला, आणि मधल्या भागात कुठेही पोहोचेल असा वाऱ्यासारखा गडी. त्याच वर्षी पाचव्या फेरीत १३३ व्या क्रमांकावर घेतलेला कॅम चॅन्सलर त्याच्या पुढे भिंतीसारखा. आता शर्मनच्या जागी उभे राहा. आतल्या बाजूला थॉमस आहे. बाहेरच्या बाजूला सीमारेषा आहे. कबड्डीत चढाईपटूला रेषेबाहेर ढकलला की तो बाद, तशीच ही रेषा कॉर्नरची भिडू असते. ती कधी दमत नाही आणि कधी चकत नाही. म्हणजे याला दोन्ही बाजूंना सारखं वळायची गरजच उरली नाही. ताठ कमरेचा दोष होता, पण ज्या वळणावर तो उघडा पडला असता, ते वळण कामातूनच काढून टाकलं.

आता हात. खेळी सुरू होताच सिॲटलचे कॉर्नर रिसीव्हरच्या नाकासमोर उभे असायचे. त्यांना शिकवण अशी, की समोरचा कितीही पाय नाचवू दे, तुम्ही घाई करायची नाही. तो खरोखर कुठल्या बाजूला निघाला हे कळेपर्यंत जागा सोडायची नाही. मग एक छोटं पाऊल, एक लांब पाऊल, आणि हात छातीवर. बहुतेक तरुण कॉर्नर समोरच्यानं खांदा हलवला की आधीच मागे पळू लागतात, भीतीपोटी. थांबून राहायला धीर लागतो, आणि एखादा क्षण उशीर झाला तरी पोहोचतील असे हात लागतात. ३२ इंचांचे हात असतील तर अर्धं पाऊल चुकलेलं खपतं. त्या पाच यार्डांत रिसीव्हरचा ताल एकदा बिघडवला, की पुढे तो ४.३ ला पळतो का ४.४ ला, याला फारसा अर्थ राहत नाही. क्वार्टरबॅकनं मनात धरलेल्या क्षणी तो त्या जागी पोहोचतच नाही.

हे सगळं कॅरोलना सुचलं कारण ते स्वतः कॉलेजात बचावफळीत खेळलेले आणि सुरुवातीच्या काळात बचावफळीच शिकवलेले. त्या वर्षी त्यांनी दुसऱ्या टोकाला कोण उभा केला माहीत आहे? ब्रँडन ब्राउनर, ६ फूट ४ इंच, जो कॅनडाच्या लीगमध्ये कॅलगरीकडून चार वर्षं खेळत होता.

एक गोष्ट मात्र कुठल्याही फाइलमध्ये नव्हती, आणि मला ती फार आवडते. तारीख ६ ऑक्टोबर २००७, लॉस एंजेलिस. कॅरोल तेव्हा यूएससी या बलाढ्य कॉलेज संघाचे प्रशिक्षक होते. समोर दुबळं स्टॅनफर्ड. सट्टेबाजांच्या हिशेबानं यूएससी ४१ गुणांनी जिंकणार होतं. शेवटच्या मिनिटांत स्टॅनफर्डची चौथी आणि अखेरची संधी, आणि हवे होते २० यार्ड. चौथ्या संधीला वीस यार्ड म्हणजे शेवटच्या चेंडूवर सहा हवे असतील तसं. क्वार्टरबॅकनं चेंडू फेकला, एका उंच रिसीव्हरनं तो पकडला, बरोबर वीस यार्ड. थोड्याच वेळात स्टॅनफर्डनं २४-२३ असा सामना जिंकला. तो उंच रिसीव्हर म्हणजे १९ वर्षांचा रिचर्ड शर्मन. कॅरोल यांना २०११ मध्ये तो सामना आठवला होता का, हे त्यांचं त्यांना माहीत. पण मी मुलाखत घेणारा माणूस आहे. ज्या उमेदवारानं मला माझ्याच मैदानात हरवलं असतं, त्याचा अर्ज मी ढिगाऱ्याच्या तळाशी ठेवला नसता.

ड्राफ्ट झाला ३० एप्रिलला, म्हणजे त्याचा तिसरा दिवस, तेव्हा टीव्हीसमोर फक्त माझ्यासारखे रिकामटेकडे उरलेले असतात. पाचवी फेरी, १५४ वा. माझी प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगतो: हा कोण? मग बायकोनं बाजारात पाठवलं आणि मी गेलो.

पुढचं थोडक्यात, कारण इथल्या मुलांना ते पाठ आहे. मालक आणि खेळाडूंच्या भांडणामुळे त्या वर्षी लीगला जुलैच्या अखेरीपर्यंत टाळं होतं, त्यामुळे नव्या मुलांना उन्हाळी सराव मिळालाच नाही. शर्मन बाकावर होता. मग आधीचा कॉर्नर मार्कस ट्रुफंट जायबंदी झाला. मग दुसरा कॉर्नर वॉल्टर थर्मंडचा पाय मोडला. आणि ३० ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध याला उभं करावं लागलं. समोर त्याच ड्राफ्टमधला चौथ्या क्रमांकाचा रिसीव्हर ए. जे. ग्रीन. आपण सामना हरलो, पण शर्मननं त्या दिवशी एक चेंडू पकडला आणि ती जागा पुन्हा सोडली नाही. २०१२ मध्ये ८ इंटरसेप्शन, २०१३ मध्ये पुन्हा ८, लीगमध्ये सर्वाधिक.

आणि १९ जानेवारी २०१४. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, त्याच्या आधीची उपांत्य लढत. शेवटचं अर्धं मिनिट, सॅन फ्रान्सिस्कोला विजयासाठी एक टचडाउन हवा, म्हणजे चेंडू गोलरेषेपार न्यायला हवा, चेंडू मायकल क्रॅबट्रीसाठी कोपऱ्यात उंच टाकलेला. हे चित्रण तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. आज घरी जाऊन एकदा फक्त शर्मनचे खांदे बघा. तो रिसीव्हरसारखा पळतो. चेंडू कुठे उतरणार हे त्याला क्रॅबट्रीइतकंच कळलेलं आहे. मग वळतो, उडी मारतो आणि डाव्या हाताची बोटं लावतो. चेंडू उडतो तो माल्कम स्मिथच्या हातात. तो स्मिथ कोण? त्याच २०११ च्या ड्राफ्टमधला, सातव्या फेरीतला, २४२ वा. १५४ नं उडवला आणि २४२ नं पकडला. दोन आठवड्यांनी सुपर बोलमध्ये डेन्व्हरवर ४३-८, आणि सामन्याचा मानकरी हाच स्मिथ. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक त्या रात्री कोण होते? जिम हार्बॉ. स्टॅनफर्डला शर्मनचे प्रशिक्षक. या उमेदवाराचं सगळं गुणपत्रक ज्यांना तोंडपाठ असायला हवं, ते. नंतर मुलाखतीत शर्मन जे ओरडला त्याच्याबद्दल मला बोलायचं नाही. आमच्या घरात त्यावर अजून एकमत झालेलं नाही.

आता इथे टाळ्या वाजवून थांबलो तर व्याख्यान गोड होईल, पण खोटं होईल. सिॲटलला जर शर्मन इतका स्पष्ट दिसला होता, तर पाचव्या फेरीपर्यंत थांबले कशाला? त्याच ड्राफ्टमध्ये त्यांनी शर्मनच्या आधी चौथ्या फेरीत क्रिस डरम हा रिसीव्हर घेतला, १०७ वा. शर्मननंतर दोनच क्रमांकांनी, १५६ वा, मार्क लग्री हा सेफ्टी घेतला, म्हणजे थॉमससारखा मधल्या भागातला बचावपटू. तो मोसम सुरू व्हायच्या आधीच संघाबाहेर गेला. म्हणजे शर्मन आणि लग्री यांच्यात त्यांच्या लेखी फरक होता दोन क्रमांकांचा. त्यांना रत्न दिसलं होतं असं नव्हे. आपल्या कामाला चालेल असा एक लांब हातांचा मुलगा दिसला होता, आणि असे मुलगे इतरांना नको असल्यामुळे स्वस्तात मिळतात हे ठाऊक होतं. माझ्या मते त्यांचं शहाणपण एवढंच, आणि हेही काही कमी नाही.

याचा ताळा बघायचा असेल तर पुढची नक्कल बघा. सिॲटल जिंकल्यावर सगळ्यांनाच उंच कॉर्नर हवे झाले. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्सनं नेब्रास्काचा स्टॅन्ली जीन-बॅप्टिस्ट दुसऱ्या फेरीत घेतला, ५८ वा. शर्मनएवढाच उंच, लांब हात, उडी शर्मनपेक्षाही जास्त, आणि तोसुद्धा आधी रिसीव्हर. कागदावर जुळा भाऊ. पहिल्या मोसमात चार सामने खेळला, दुसऱ्याच्या सुरुवातीला संघाबाहेर. मापं जुळली म्हणजे माणूस जुळला असं होत नाही, हे खरं. पण म्हणून मापं फालतू असंही नाही. मापांमुळे फक्त एवढंच कळतं, की हे काम याला शरीरानं जमू शकेल. शर्मन रोज चित्रणं बघून समोरच्या रिसीव्हरच्या सवयी पाठ करायचा, हे इंडियानापोलिसच्या कुठल्या टेपनं मोजलं जातं?

आणि सिॲटलची स्वतःची नक्कल? आता पुढचं ऐकून कुणी उठून जाऊ नये. १ फेब्रुवारी २०१५, न्यू इंग्लंडविरुद्धचा सुपर बोल. आपला कॉर्नर जेरेमी लेन चेंडू पकडून पळताना हात मोडून बसला, आणि त्याच्या जागी आला थारल्ड सायमन. उंच, लांब हातांचा, २०१३ च्या पाचव्या फेरीतला, अगदी त्याच साच्यातला. टॉम ब्रेडीनं उरलेला सामना त्याच्याकडेच चेंडू फेकले. एका जागेसाठी केलेला साचा, पण त्यातला गडी अजून तयार नव्हता. त्याच सामन्याच्या शेवटी, गोलरेषेजवळ, आपला चेंडू कुणी पकडला? माल्कम बटलर. वेस्ट अलाबामा नावाच्या छोट्या कॉलेजचा, उंची ५ फूट ११, ड्राफ्टमध्ये २५६ नावं पुकारली गेली त्यात याचं नाव नाही. चाचणी शिबिरातून घेतलेला. ती खेळी न्यू इंग्लंडनं सरावात घडवून पाहिली होती आणि सरावात बटलर त्याच खेळीवर चकला होता. खऱ्या सामन्यात रचना दिसताच तो निघाला. २८-२४. (सभागृहात उसासे.) मला माहीत होतं हे होणार.

२०२२ मध्ये सिॲटलनं पुन्हा पाचव्या फेरीत एक कॉर्नर घेतला, टारिक वूलन. क्रमांक १५३, शर्मनच्या एक आधी. ६ फूट ४ इंच, आणि तोही टेक्सासमध्ये आधी रिसीव्हर होता. मात्र याचे ४० यार्ड ४.२६. पहिल्याच मोसमात ६ इंटरसेप्शन, लीगमध्ये संयुक्तपणे सर्वाधिक. माझा मुलगा म्हणाला, बाबा, हा तर शर्मनपेक्षा भारी. मी म्हटलं, थांब. तिसऱ्या वर्षाच्या आत कॅरोल पदावरून गेले, नवे प्रशिक्षक आले, बचावाची आखणी बदलली. मुलगा तोच, पण प्रश्नपत्रिका बदलली. अशा वेळी फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचावी लागते, आणि बहुतेक संघांना तेवढा धीर नसतो. आमच्या ऑफिसात तर मुळीच नसतो. साहेब बदलला की काल हुशार असलेली माणसं आज ढ ठरतात.

प्रश्न कुणाचे असतील तर घेऊ या. हं, बोला काका.

काका विचारतायत, आयपीएलसारखा लिलाव का नाही करत? लिलावात पैसा बोलतो, काका. इथे रांग आहे, आणि गेल्या वर्षी जो शेवटचा आला तो रांगेत पहिला. त्यामुळे इथे खेळाडूची किंमत म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी किती वाट बघायला तयार आहात. फार थांबलात तर दुसरा उचलतो, आणि फार आधी घेतलात तर ते स्थान वाया.

मागे तो हात वर करून कधीचा बसलाय, निळ्या जर्सीतला. बोल रे बाळा.

तो म्हणतोय, काका, शर्मन आणि तो ४.२८ वाला, दोघांची शर्यत लावली तर कोण जिंकेल?

व्हॅन डाइक. दहा वेळा लावलीस तर दहाही वेळा.